नोंद नसलेला आवाज

बाकं अठ्ठावीस; डावीकडे चौदा, उजवीकडे चौदा. त्यांतलं एक डुगडुगणारं, पायाखाली चार घड्या घातलेला पुठ्ठा. दगडी खांब दहा. रंगीत काचांच्या खिडक्या बारा. नवव्या खिडकीतल्या संताच्या गुडघ्याला मूळच्या निळ्या काचेऐवजी न्हाणीघराची दाणेदार काच लावलेली. ऑर्गन एक, त्याच्या पट्ट्या एकसष्ट, वाजणाऱ्या अठ्ठावन्न. लांबी बावीस मीटर, रुंदी दहा, छताची सरासरी उंची नऊ. चर्चच्या मंडळीच्या नोंदवहीत नावं एकशे बारा, रविवारी प्रत्यक्ष हजर सरासरी चौसष्ट, उपदेश चालू असताना जागे एकेचाळीस. हा शेवटचा आकडा अंदाजाचा आहे, कारण मोजणारे सचिव स्वतः पुढून चौथ्या बाकावर बसत आणि उपासनेत मागे वळून किती वेळा पाहावं याला काही मर्यादा असते.

सचिव म्हणजे चर्चच्या कमिटीचे सचिव. पोटापाण्यासाठी ते एका औषधांच्या कारखान्यात, गोळ्या पाण्यात किती वेळात विरघळतात हे मोजत. चोवीस वर्षं गोळ्या विरघळताना पाहिलेला माणूस धीराचा होतो आणि थोडा आढ्यतेखोरही होतो, कारण त्याच्यासमोर आजवर काहीच टिकलेलं नसतं. कमिटीने त्यांना यादी करायला सांगितली, कारण नव्या पाळकसाहेबांना चर्च नवं करायचं होतं.

पाळकसाहेब चौतीस वर्षांचे, उत्साही. "चर्च म्हणजे म्युझियम नव्हे" हे वाक्य त्यांनी आल्यापासून पहिल्या महिन्यात सात वेळा उच्चारलं. इमारत राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. देव फार उंचावर राहतो आणि भक्ताची पाठ दुखलीच पाहिजे, अशा ठाम समजुतीने बांधलेली. पाळकसाहेबांना हलवता येतील अशा खुर्च्या हव्या होत्या, गाण्याचे शब्द दाखवणारा पडदा हवा होता, व्हीलचेअरसाठी उतार, काचेचं दार आणि उपासनेनंतरच्या चहाचे कप धुवायला एक बेसिन. सचिवांना यातलं काहीच नको होतं. त्यांना हवी होती एकच गोष्ट. चर्चमधला घुमारा जायला हवा होता.

त्याचं कारण त्यांच्या आई. वय एक्याऐंशी, दोन्ही कानांत यंत्रं. यंत्रं चांगली होती, पण चर्चमध्ये त्यांची मात्रा चालत नसे. पाळकसाहेब बोलले की शब्द छतापर्यंत जाई, तिथे जरा टेकून खाली येई, तोवर मागचे तीन शब्द वर निघालेले असत. आईच्या कानाशी पोहोचे तो नुसता शब्दांचा गोळा. दर रविवारी जेवताना त्या विचारत, "आज काय सांगितलं रे त्यांनी?"

सचिव सांगत. पंचवीस मिनिटांच्या उपदेशाचा सारांश दीड मिनिटात आटपे.

"एवढंच?" आई म्हणत. "मग उरलेला वेळ काय करत होते?"

सचिवांना वाटे, आपण हातचं राखून सांगितलं असा आईला संशय आहे. एक्याऐंशीव्या वर्षी माणसाला देवाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. पुढे जे झालं ते सगळं या इच्छेतून झालं, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

घुमारा काढायचा तर आधी मोजायला हवा. रिकाम्या जागेत फुगा फोडायचा आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते यंत्रावर पाहायचं, अशी सोपी रीत आहे. सचिवांनी मंगळवारी अर्धी रजा टाकली, सहा फुगे फुगवले आणि पहिला फोडला. वरच्या सज्जात ऑर्गनवाल्या बाई सरावाला बसल्या आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. बाई किंचाळल्या आणि दोन्ही कोपरांनी ऑर्गनवर पडल्या. त्या आवाजात बरेच स्वर मिसळले असल्यामुळे पहिलं वाचन रद्द करावं लागलं.

"गोळी झाडलीत की काय?" बाई कठड्यावरून ओरडल्या.

"फुगा होता. मोजतोय."

"काय मोजताय? माझं आयुष्य?"

समोरच्या दुकानातले दोघे धावत आले. त्यांच्या देखत सचिवांना उरलेले पाच फुगे फोडावे लागले, कारण शास्त्रात सरासरी लागते. सरासरी आली चार पूर्णांक दोन दशांश सेकंद. रविवारपर्यंत मंडळीत त्यांचं नाव 'फुगेवाले' पडलं. अकरा वर्षांच्या सचिवपदाचं एका सकाळी असं झालं. लग्नाच्या बायकोनेही घरी दार उघडताना "कोण, फुगेवाले का?" असं एकदा विचारलं. तिने ते परत विचारलं नाही, पण व्हायचं ते नुकसान झालं होतं.

इमारत जुनी, म्हणून वारसा कार्यालयाची परवानगी हवी. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. टेबलापलीकडे एक शांत बाई, नाकावर चष्मा, पुढ्यात चर्चची शेहेचाळीस पानी अधिकृत यादी.

"बाक हे फर्निचर की बांधकाम?" बाईंनी विचारलं.

"बसायचं बाक आहे, मॅडम."

"जमिनीला स्क्रूने पक्कं केलंय?"

"हो."

"मग बांधकाम. स्क्रू काढलेत की फर्निचर. फर्निचर हलवायला आमची हरकत नाही."

"मग काढतो स्क्रू."

"स्क्रू काढायला परवानगी लागेल. काढेपर्यंत ते बांधकाम आहे ना."

एका बाकाला सहा, म्हणजे एकशे अडुसष्ट स्क्रू. प्रत्येकाचा फोटो, काढण्याआधीचा आणि काढल्यानंतरचा. नंतरचा फोटो आधीच जोडायचा होता. सचिवांनी त्यावर तीन पत्रं लिहिली. पाच महिने गेले. शेवटी बाईंनीच तोडगा काढला की नंतरचा फोटो म्हणून घरच्या कोणत्याही भोकाचा चालेल. सचिवांनी स्वयंपाकघरातल्या मांडणीची भोकं जोडली.

निघता निघता त्यांनी विचारलं, "आणि तो घुमारा, मॅडम? तो कमी करायचाय. भिंतींना आवाज शोषणाऱ्या फळ्या चिकटवून."

बाईंनी यादी पहिल्यापासून चाळली. सावकाश, बोट फिरवत. "खिडक्या आहेत. खांब आहेत. घंटा आहे. मागच्या दाराची कडीसुद्धा आहे. घुमारा नाही." त्यांनी चष्मा काढला. "ज्याची नोंद नाही ते काढायला परवानगी लागत नाही. फळ्यांचा एक साधा अर्ज द्या, तेवढी नोंद करून घेते. काढा खुशाल."

सरकारी कार्यालयातून मागितल्यापेक्षा जास्त घेऊन बाहेर पडण्याचा सचिवांच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग. तीन जिने ते शीळ घालत उतरले.

घरी येऊन त्यांनी गणित मांडलं. फळ्या ऐंशी चौरस मीटर लावल्या तर चार पूर्णांक दोनाचे दोन पूर्णांक दोन होतात. दोन सेकंदांच्या आसपास उपदेशही कळतो आणि गाणंही जगतं, असं पुस्तकात दिलं होतं. हा कागद त्यांनी 'ध्वनी' नावाच्या फाइलीत लावला. गणित बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

मग लोक मदतीला धावले.

सतरंज्या-गालिच्यांचं दुकान असलेले काका म्हणाले, "फरशी उघडी ठेवणार? शोभतं का? माझ्याकडून घ्या. हिच्या स्मरणार्थ." काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. नाही कोण म्हणणार? डाळिंबी रंगाचा गालिचा भिंतीपासून भिंतीपर्यंत आला. त्याची पावती 'स्मृती' या फाइलीत गेली.

महिला मंडळाने खुर्च्या निवडल्या. सचिवांची बायको मंडळाची अध्यक्ष. "चाळीस वर्षं लाकडावर बसून देवाला भजलंय आम्ही," ती म्हणाली. "आता तीन इंच गादी हवी. आणि पाठीलाही." तशा एकशे वीस खुर्च्या आल्या. त्या 'सोय' या फाइलीत.

निवृत्त इंजिनिअरांची मान धरायची. दारातून येणारा झोत बरोबर आपल्या मानेवर येतो हे त्यांनी आकृती काढून सिद्ध केलं आणि तिन्ही दारांना जाड मखमली पडदे लावून घेतले. ते 'वारा' या फाइलीत.

चार फाइली, चार रंगांच्या. आवाजाला मात्र फाइली वाचता येत नाहीत. गालिचा स्मृतीसाठी आला म्हणून त्याने कमी आवाज गिळला असं झालं नाही, आणि गाद्या सोयीच्या म्हणून गप्प बसल्या नाहीत. जो तो आपापल्या चांगुलपणाने थोडी थोडी शांतता घेऊन आला आणि ती सगळी एकाच खोलीत साठली. कारखान्यात, एका गोळीत चार औषधं असताना सचिवांनी एकच मोजून सही ठोकली असती का? कधीच नाही. पण चर्चमध्ये ते मोजमापाचे तज्ज्ञ नव्हते, सचिव होते. सचिवाचं काम फाइली नीट लावणं.

जुनी बाकं मंडळीने घरोघर नेली. एक केशकर्तनालयात गेलं, एक इंजिनिअरांच्या गॅलरीत, आणि डुगडुगणारं कोणी नेलं ते कळलं नाही. पुठ्ठा मागे राहिला.

उद्घाटनाच्या रविवारी एकशे त्रेचाळीस माणसं आली. मागे तेवीस जण उभे. पाळकसाहेब पुढे आले आणि म्हणाले, "प्रियजनहो."

शब्द सरळ आला आणि पोस्टमनने पत्र टाकावं तसा प्रत्येकाच्या पुढ्यात पडला. वर गेला नाही, फिरला नाही, रेंगाळला नाही. लोक थोडा वेळ उरलेल्या आवाजाची वाट पाहत राहिले. सचिवांनी हळूच आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. ऐकू आलं होतं! फुगे, स्क्रू, मांडणीची भोकं, सगळं त्या एका मान हलवण्यात फिटलं.

पण कळणं हा दुधारी प्रकार आहे. सव्वाआठ मिनिटांनी अकराव्या ओळीतले इंजिनिअर बायकोच्या कानात कुजबुजले, "हे मागच्या वर्षीचंच आहे. फक्त गोष्टीतला बैल बदललाय."

"मागच्या वर्षी गाढव होतं," त्यांच्या बायकोने दुरुस्ती केली.

हे एकशे त्रेचाळीस जणांनी ऐकलं. आणि पाळकसाहेबांनीही. पाळकसाहेब लाल झाले, पानं उलटली, आणि ती पानं उलटल्याचंही सगळ्यांना ऐकू आलं. पूर्वी छत अशा गोष्टी पोटात घालत असे.

मग गाणं सुरू झालं. पहिलं कडवं म्हणायला सगळ्यांनी तोंडं उघडली आणि प्रत्येकाला स्वतःचा आवाज ऐकू आला. माणूस स्वतःचा चेहरा रोज आरशात पाहतो; पण आवाजाला आरसा नसतो, म्हणून तर लोक गातात. गालिचेवाले काका दुसऱ्या ओळीला दचकून थांबले. सचिवांच्या बायकोने ओठ हलते ठेवले, पण आवाज आत घेतला. तिसऱ्या कडव्याला जेमतेम वीस जण उरले. चौथं कडवं पाळकसाहेबांनी माइकवर एकट्याने म्हटलं. आईने पुस्तक दुसऱ्याच कडव्याला मिटलं होतं.

"मी ऑर्गन वाजवत नव्हते," ऑर्गनवाल्या बाई जिन्यात सचिवांना म्हणाल्या. "मी आज गादी बडवली."

घरी जेवताना आईने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. सचिवांनीच विचारलं, "ऐकू आलं ना सगळं?"

"आलं की. अक्षर न् अक्षर."

"मग?"

"बरे आहेत बिचारे." आईने पाण्याचा पेला ठेवला. "इतकी वर्षं मला वाटायचं, हे पाळक लोक फार मोठं काहीतरी सांगत असणार. आपल्यालाच ऐकू येत नाही."

पुढच्या रविवारी आईचा गुडघा दुखायला लागला. साडेआठला सुरू झाला, अकराला थांबला. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. पाच रविवार झाले. सोमवार ते शनिवार त्याच गुडघ्याने आई दोन जिने चढून शेजारणीकडे जात. इतकं नियमित दुखणं सचिवांनी कारखान्यात पाहिलं असतं तर यंत्र तपासायला घेतलं असतं.

"आई, गुडघा दुखत नाहीये तुझा."

"नाही दुखत," आई म्हणाल्या. त्यांनी कधी खोटं ताणलं नाही.

"मग येत का नाहीस? तुझ्यासाठीच तर केलं सगळं."

"ठाऊक आहे रे. म्हणून तर बोलले नाही." आई घडी घालत असलेला टॉवेल मांडीवर ठेवून बसल्या. "तुझे बाबा कसे गायचे आठवतं?"

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. "खालच्या पट्टीत," सचिव म्हणाले. "जरा बेसूर."

"जरा? चांगलेच बेसूर. त्यांच्या शेजारी उभी राहून गायला धैर्य लागायचं. पण तिथे वर जाऊन सगळ्यांचा आवाज एक व्हायचा. कुणाचा कुठला, कळायचं नाही. ते गेल्यावर पहिल्या रविवारी मी घाबरतच गेले होते. गाणं सुरू झालं आणि मला काही कमी वाटलंच नाही. म्हटलं, असतील यातच कुठेतरी. सहा वर्षं होते ते. आता तुझ्या फळ्या लागल्यापासून प्रत्येकाचा आवाज सुटा येतो. हे काका, ही तुझी बायको, हा तू. मोजून घेता येतो." त्यांनी टॉवेलची घडी पुरी केली. "मी मोजला. नाहीत ते."

टॉवेल बाजूला ठेवून आई म्हणाल्या, "जा, जेवून घे. गार होतंय."

त्या दुपारी सचिवांनी चारही फाइली एका टेबलावर आणल्या आणि प्रथमच एकत्र बेरीज केली. उत्तर आलं एक पूर्णांक एक सेकंद. माणसांनी भरलेल्या चर्चमध्ये त्याहून कमी. माणसंही आवाज पितात, आणि सचिवांनी फुगे रिकाम्या चर्चमध्ये फोडले होते.

कमिटीपुढे त्यांनी विषय मांडला. गालिचेवाले काका म्हणाले, "म्हणजे हिची आठवण गुंडाळून ठेवायची?" इंजिनिअरांनी मानेवर हात ठेवला. सचिवांच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, घरचं तिला सगळं माहीत होतं, तरी ती म्हणाली, "बायकांना मी काय सांगू? उठा, पुन्हा लाकडावर बसा?" पाळकसाहेब खाली बघत म्हणाले, "लोक पहिल्यांदाच माझं ऐकताहेत हो. आता कुठे मी नीट तयारी करायला लागलोय." ऑर्गनवाल्या बाईंनी सचिवांच्या बाजूने हात वर केला. एक मत. सचिवांचं धरून दोन.

राहिल्या फळ्या. सचिव पुन्हा तीन जिने चढले.

"फळ्या काढता येणार नाहीत," वारसा कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. "गोंदाबरोबर जुना गिलावा निघेल. आणि आता त्या यादीत आहेत. पान सत्तेचाळीस."

"पण मला घुमारा परत हवाय."

"कोणत्या नोंदीप्रमाणे? मूळ किती होता, काही पुरावा?"

सचिवांनी खिशातून फुग्यांचा कागद काढला. पाच वाचनं, सरासरी, तारीख, सही. बाईंनी तो दोनदा वाचला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"हे तेव्हाच का नाही दाखवलंत? शेवटच्या पानावर 'इतर वैशिष्ट्ये' असा रकाना आहे. तो नेहमी रिकामाच असतो. मी घातलं असतं की यात."

सचिव जिना उतरले. या वेळी कठड्याला धरून.

पुढच्या मंगळवारी त्यांनी पूर्ण रजा घेतली. चर्च रिकामं होतं. ऑर्गनवाल्या बाई येऊन थांबल्या होत्या; बाही वर सारून त्यांनी विचारलं, "कुठून सुरुवात?" दोघांनी मिळून एकशे एकोणीस खुर्च्या अंगणात नेऊन रचल्या. मखमली पडदे उतरवले. गालिच्याच्या कडांची पट्टी सोडवली आणि वेदीच्या पायरीपर्यंत तो गुंडाळत नेला. पुढे तो हलेना, म्हणून त्याची जाड सुरळी तिथेच राहिली. दोन तास पंचवीस मिनिटं लागली. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी सगळं पुन्हा होतं तसं लावायचं होतं. मग सचिव घरी जाऊन आईला घेऊन आले.

आई दारात थांबल्या. उघडी फरशी पाहिली, भिंतींवरच्या करड्या फळ्या पाहिल्या. चौथी ओळ असायची तिथे शेवटची खुर्ची ठेवली होती, तिच्यावर जाऊन बसल्या.

"मला कशाला आणलंस?"

"मोजायचंय. नुसत्या फळ्या असल्या तर दोन सेकंदांच्या आसपास यायला हवं. मी सांगितलं की काहीतरी मोठ्याने म्हण आणि एकदम थांब. किंवा टाळी वाजव."

"टाळी काय वाजवायची इथे? मी काय म्हणू?"

"काहीही म्हण, आई."

आई उठून उभ्या राहिल्या. पर्स खुर्चीवर ठेवली. छताकडे पाहिलं. मग, चहा गार होत चालला आहे, माणूस बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रात डोकं घालून बसला आहे आणि दोन हाकांना ओ दिलेली नाही, अशा वेळी स्वयंपाकघरातून जो आवाज निघतो त्या आवाजात त्यांनी हाक मारली.

"अहो!"

सचिवांनी बटण दाबलं. सज्जात ऑर्गनवाल्या बाई श्वास रोखून उभ्या होत्या. यंत्रावर आकडा आला : १.९ सेकंद.